मशीनला एसी, आईला पंखा

काही घरांतून आवाज येतात, काही घरांतून वास येतात. आमच्या समोरच्या घरातून किस्से येतात! महेशच्या टेबलामागे वायरींचा जसा गुंता झालाय ना, तसे ते माझ्या डोक्यात साठलेत. एक ओढावा तर चार बाहेर येतात, आणि प्रत्येकाबरोबर माझा राग नव्यानं वर येतो.

आधी माणसं सांगते. पिंपळे गुरवमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर दोन दारं समोरासमोर. एक आमचं, एक विमल वहिनींचं. वहिनींचं माहेर कुरुळीचं. भाऊजी आकुर्डीला कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर होते, तीन वर्षांपूर्वी गेले. आता घरात वहिनी आणि मुलगा महेश, वय एकतीस. चाकणच्या एका कारखान्यातली मशीनं हा घरात बसून कम्प्युटरवरून चालवतो म्हणे. घर वन बीएचके. म्हणजे बेडरूम एकच. आणि सगळं भांडण त्या बेडरूमचंच आहे.

भाऊजी गेल्यावर सहा महिन्यांत वहिनींचा पलंग सुटा करून माळ्यावर गेला आणि खोलीत टेबल आलं. त्यावर तीन स्क्रीन, खाली काचेचा भला मोठा डबा, त्यात गरगरणारे पंखे. वहिनी हॉलमधल्या दिवाणावर.

मी विचारलं, "तीन तीन टीव्ही कशाला रे?"

"काकू, टीव्ही नाही. एकावर काम, एकावर मीटिंग, एकावर चाकणची लाईन दिसते."

"आणि आई कुठल्यावर दिसते?"

हसला नुसता. दात काढायला काय जातंय!

* * *

त्या खोलीत दिवे लावलेत. जांभळे, हिरवे, गुलाबी, पळणारे! खिडकीतून अख्ख्या गल्लीला दिसतात. फेब्रुवारीत समोरच्या बिल्डिंगमधल्या आजी काठी टेकत तीन जिने चढून वर आल्या, हातात दुर्वांची जुडी.

म्हणाल्या, "माघी गणपती बसवलाय ना? डेकोरेशन लांबूनच दिसलं. कळवायचं तरी!"

वहिनींनी त्यांना बसवलं, चहा दिला. आजींनी खोलीत डोकावून तो काचेचा डबा नीट बघितला. मग पुढं होऊन दुर्वा त्याच्यावरच ठेवल्या आणि म्हणाल्या, "मूर्ती नाही दिसत. पण एवढं केलंय म्हणजे नवसाचा असणार."

* * *

एप्रिलमध्ये त्या खोलीला एसी बसला. मला वाटलं, चला, पोराला अक्कल आली!

दुपारी गेले तर वहिनी हॉलमध्ये ओला टॉवेल खांद्यावर टाकून बसलेल्या. वरचा पंखा गरम हवा ढवळत होता. बेडरूमचं दार बंद, आणि दाराखालच्या फटीतून गार वारा येत होता. वहिनींनी दोन्ही पावलं त्या फटीपाशी नेऊन ठेवली होती!

मी दार उघडलं. "काय रे, एसी कुणासाठी?"

"काकू, दार लावा ना, कूलिंग जातं! मशीन तापलं की बंद पडतं. चाकणची लाईन थांबेल."

"आणि आई तापली तर?"

तो काही बोलायच्या आत मागून वहिनीच म्हणाल्या, "मला काय व्हतंय? मी काय बंद पडत न्हाई."

पोराचा राग येतो तो येतोच. पण असं बोलणाऱ्या आईचासुद्धा येतो हो!

* * *

डिसेंबरमध्ये आमच्याकडे कुणाचंच दही लागेना. वहिनींचं मात्र असं घट्ट, की वाटी उलटी केली तरी पडायचं नाही. मी चार वेळा विचारलं, वहिनी नुसत्या हसायच्या.

एकदा जेवताना महेश दोन वाट्या खाऊन म्हणाला, "आई, काय दही झालंय! करतेस काय?"

"तुझ्या डब्यावर ठिवते रे. शेकोटीगत ऊब असती. रोज तू अंघोळीला गेलास की उचलते."

घास तोंडात तसाच राहिला त्याच्या! "सीपीयूवर? दही? सांडलं असतं तर सगळं संपलं असतं!"

वहिनी शांत. "महिना झाला, न्हाई सांडलं. तिसरी वाटी घेतोस का?"

त्यानं घेतली! मी समोर होते म्हणून सांगते.

* * *

पुढच्या मे महिन्यात वहिनी तीन दुपारी सलग आमच्या गॅलरीत येऊन आडव्या झाल्या. चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. सरळ त्याच्या खोलीत शिरले आणि सुरूच झाले.

"अरे, ज्या माणसानं तुला शिकवलं, त्याचा पलंग माळ्यावर टाकलास! तुझी खुर्ची मागं रेलली की तिचा पलंग होतो, आणि आईला पाय पसरायला जागा नाही? तीन स्क्रीन लावल्यास, एकात तरी तुला आई दिसू दे!"

महेश हातानं काहीतरी खुणा करत होता. मला वाटलं, माफी मागतोय.

तेवढ्यात मधल्या स्क्रीनमधून एक टकला माणूस बोलला, "महेश, ये मॅडम कौन हैं?"

स्क्रीनवर बारा चौकोन आणि बारा डोकी! सगळी माझ्याकडे बघत होती.

"सर, सॉरी, शेजारच्या काकू..."

"इनको बोलने दो. सही बोल रही हैं. तुम माताजी का देखो पहले, रिपोर्ट शाम को देना."

पंधरा दिवस महेश माझ्याशी बोलला नाही. आणि मग त्यानं आईसाठी पंखा आणला. वीतभर! कम्प्युटरच्याच वायरीवर चालणारा. त्यानं केस तरी उडतात का बघा!

* * *

आणि मी परत मीटिंगमध्ये घुसू नये म्हणून त्यानं बेडरूमच्या दारावर दिवा लावला. हिरवा म्हणजे या, लाल म्हणजे येऊ नका. मी त्या दिव्याला भीक घालत नाही. पण वहिनी! प्रेसवर काम केलेल्या माणसाची बायको ती. भाऊजी घरी येऊन बजावायचे, दिवा लाल असला की मशीनमध्ये हात घालायचा नाही, मग आत सोनं का पडलेलं असेना. त्यांच्या दोन मित्रांची बोटं गेलेली. वहिनींच्या अंगात भिनलेलं ते.

जूनमधली गोष्ट, पाऊस अजून आला नव्हता. दुपारी वाटी परत द्यायला गेले तर वहिनी बेडरूमच्या दाराशी जमिनीवर बसलेल्या. चेहरा पांढराफटक, घामानं पातळ अंगाला चिकटलेलं.

"वहिनी! काय होतंय?"

"गरगरतंय गं... मगाधरनं."

"मग महेशला हाक मारा ना!"

त्यांनी बोट वर केलं. "लाल हाय."

मी दोन्ही हातांनी दार बडवलं. महेश कानावरचा हेडफोन काढत बाहेर आला. "काकू, दिवा तरी बघा..." पुढं मी जे बोलले ते इथं लिहिता येत नाही.

आणि ऐका. मीटिंग दीड तासापूर्वीच संपली होती! दिवा बंद करायचा राहिला होता. हा आत बसून काय करत होता? कीबोर्डची बटणं बदलत होता. निळी काढून नारिंगी!

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं, उष्णतेनं झालंय, पाणी द्या, थंड जागी झोपवा. अख्ख्या घरात थंड जागा एकच, आणि तिच्या दारावर लाल दिवा. महेशनं दिवा काढला. आठवड्यानं परत लावला, मीटिंगा होत्या म्हणून. माझं रक्त असं उकळत होतं, काय सांगू!

* * *

खंडेनवमीला आपल्याकडे प्रत्येक कंपनीत, प्रत्येक शेडमध्ये मशीनं बंद करून, पुसून, हार घालतात. वहिनींनी आदल्या दिवशीच सांगितलं, "तुझ्या बापाचं मशीन वर्सातनं एक दिस निवायचं. तुझंबी निवू दे."

सकाळी मी झेंडूची माळ घेऊन गेले. मनात भांडणही तयार होतं, पूजा झाली की काढायचं. महेशनं सगळं बंद केलं. त्या खोलीत इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. वहिनींनी आत जायच्या आधी चपला दाराबाहेर काढल्या. डब्याला हळदकुंकू लावलं. तीन स्क्रीनना तीन फुलं. मग त्या मोठ्या खुर्चीलाही कुंकू लावून हात जोडले. त्या खुर्चीवर त्या कधी बसल्या नाहीत, बसलं तर काहीतरी दाबलं जाईल म्हणून.

"बस ना आई," महेश म्हणाला.

"नगं रे, काय बिघडलं तर."

"सगळं बंद आहे आज."

एवढं ऐकून मी स्वयंपाकाला घरी आले. भांडण राहूनच गेलं.

दुपारी नैवेद्याचं ताट घेऊन गेले. बघते तर हॉलमध्ये दिवाणावर महेश. मांडीवर लॅपटॉप, बनियन घामानं चिंब, आणि तो वीतभर पंखा स्वतःच्या तोंडाकडे वळवलेला. बेडरूमचं दार बंद. वर दिवा लाल!

माझं टाळकंच सटकलं. "अरे, सणाच्या दिवशीसुद्धा? आणि आई कुठंय?"

तो झटकन उठला. ताट माझ्या हातातून घेतलं, ओठांवर बोट ठेवलं. दाराशी वहिनींच्या चपला अजून तशाच होत्या, आणि फटीतून गार वारा येत होता.

"काकू, हळू," तो कुजबुजला. "लाल आहे."