ओहोटीपर्यंत

माडजुव्यावर सरकार येतं ते भरतीला. तलाठी, ग्रामसेवक, लस टोचणारी बाई, मतांची पेटी, सगळी भरल्या पाण्यावरून होडीने येतात आणि पाणी उतरायच्या आत पळतात. पळावंच लागतं. खाडीच्या मधोमध असलेल्या या जुव्याला, म्हणजे बेटाला, ओहोटीत होडी लागत नाही. नुसता गुडघाभर चिखल. त्यामुळे ओहोटीतलं माडजुवं कुठल्या सायबाने कधी बघितलेलंच नाही.

येसूबाईचा जन्म मात्र ओहोटीतच गेला. पाणी उतरलं की पूर्वेला काळं खडप, म्हणजे खडकांचा पट्टा, वर येतं, अंगभर कालवं चिकटलेलं. पदर खोचून, कोयतीच्या टोकाने शिंपला उघडायचा, कालव वाडग्यात. रत्नागिरीच्या बाजारात वाटे लावून तिने मुलाला, विनीतला शिकवलं. तो मुंबईला नोकरीला लागला, आणि सून शमिका इथे राहून परसातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊ लागली. भाट्याचा समुद्र बघून झालेली माणसं कालवांचं सुकं खायला इकडे वळायची. पण येणं-जाणं भरतीच्या तालावर. कितीतरी जण काठावरूनच परत जायचे.

म्हणून शमिकाने होडी कधीही लागेल अशा धक्क्यासाठी अर्ज केला, धक्का मंजूर झाला. जागा ठरली ती नेमकी खडपावर.

"आई, धक्का झाला की पाहुणे कधीही येतील."

"येऊदेत की. खायला काय घालशील, शिमिट?"

मोजणीला इंजिनियर आले ते अर्थात भरतीला. पूर्वेच्या काठावर उभं राहून म्हणाले, "इथे तर नुसतं पाणी आहे, आजी. नकाशातही काही नाही."

"खडप पान्याखाली हाय."

"असं सगळेच सांगतात."

येसूबाईने वाद घातला नाही. "बरं. जेवून तरी जावा."

होडीवाला लवू तिचा दीर. त्याने पाण्याकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं आणि निवांत बिडी पेटवली.

भात काही शिजेना. "गावठी तांदूळ, सायब. वेळ घेतो," ती चुलीपुढून म्हणायची. मग सोलकढी झाली, मग आणखी एकदा झाली. साहेब हात धुऊन बाहेर आले तेव्हा होडी चिखलात कुशीवर पडली होती.

"आता?"

"आता दिवेलागणीनंतर," लवू म्हणाला. "वैनीच्या हातचं जेवलं की असंच व्हतं."

"तुम्ही मुद्दाम केलंत."

"व्हय," येसूबाई म्हणाली. "चला."

खडप पुरतं उघडं पडलं होतं. वाडीतल्या बायका ओणव्या होऊन कोयती चालवत होत्या, टक टक टक. साहेबांनी नकाशा काढला आणि तसाच परत खिशात घातला.

"पण धक्का कुठेतरी हवाच ना," ते म्हणाले. "तुमच्याच सुनेचा अर्ज आहे."

"नको कुनी म्हटलं? दक्षिनेच्या टोकाला बांधा. तितं खोल हाय, ओहोटीतबी पानी रवतं. काठ उभा, म्हनून आज उतराय येत नाय येवढंच."

"वस्तीपासून लांब पडेल."

"पाय हायत."

"आणि जमीन कुणाची?"

उत्तर मागोमाग आलेल्या शमिकाने दिलं. "आमची. आईंनी लावलेले माड आहेत तिथे. आणि तिसरी खोली तिथेच बांधायची ठरलीय आमची."

"खोली परसात बांधू गो," येसूबाई म्हणाली. "माड पुना लावता येतात. खडप लावता येतं काय?"

ती पुढे झाली. टोकाला पोचल्यावर कमरेची चुन्याची डबी काढून तिने काठाकडच्या, तोडायच्या माडांच्या बुंध्यांवर एकेक बोट ओढलं. शेवटच्या माडापाशी क्षणभर थांबली. तो विनीतच्या बारशाचा. त्यावरही ओढलं.

साहेबांनी टेप सोडली. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. शमिका थोडा वेळ माडांकडे बघत उभी राहिली, मग तिने ते उचललं.

"घट धर," येसूबाई म्हणाली आणि कोयती घेऊन खडपाकडे निघाली. पाणी चढायच्या आत सायबांना घरी न्यायला वाटाभर कालवं काढायची होती.