नाव ठेवल्याशिवाय

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या कारखान्याच्या आवारातली झाडं जगली, ती माझ्या कल्पनेमुळे नाही.

दिंडोरी रोडला काळ्या पिशव्यांतली रोपं घेऊन एक बाई बसते. रोप देताना ओल्या तळव्याने माती थोपटते, पण पिशवी काही सोडत नाही. "आधी नाव ठेवा."

पहिल्या वेळी मी वैतागलो. "काय वेडेपणा, मावशी! झाडाला कळतं का नाव?"

"मला नावं ठेवू नका साहेब, झाडाला ठेवा," ती हसली.

सुटका व्हावी म्हणून मी तोंडाला आलं ते म्हणालो, "सुमन."

"त्याला नाय कळत, पण तुम्हाला कळतं ना? नुसतं झाड वाळलं तर वाळलं. सुमन वाळली म्हणायला जीभ धजंल का?"

कारखान्यात आम्ही लावलेली रोपं दर उन्हाळ्यात जळायची. पाणी घालण्याचे तक्ते लावले, सूचना काढल्या, कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्या वर्षी मी प्रत्येकाला आपापल्या रोपाचं नाव ठेवायला लावलं. लोक सुट्टीच्या दिवशीही 'आमच्या बाळू'ला पाणी घालायला येऊ लागले. माझा सत्कार झाला. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे सुचलं कसं?"

"असंच सुचलं," मी म्हणालो.

अजूनही येता-जाता ती हाक मारते, "सुमन कशी हाय?" मी मावशी म्हणत राहिलो आणि तिचं नाव कधी विचारलंच नाही. ते विचारून सत्काराला जमलेल्या त्याच लोकांसमोर घ्यायचं, एवढं मी तिचं देणं लागतो.