एकतिसावा खण

किडेबाईंचं खरं नाव पगाराच्या यादीत होतं, पण हाक मारायला ते कोणी वापरत नसे. प्रोग्राममधल्या चुकीला त्यांच्या धंद्यात बग म्हणतात, बग म्हणजे किडा, आणि बाईंची बावीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्राममधले किडे वेचण्यात गेली होती. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे फोटो कंपनीच्या भिंतीवर लागत. वेचणारीला जिन्याखालची बिनखिडकीची खोली मिळाली होती. तिथे कोणी फिरकत नसे, एवढ्यावर बाई खूश होत्या.

कंपनी लिफ्टचा मेंदू बनवायची. दोर आणि मोटर दुसऱ्यांची. कोणत्या मजल्यावर जायचं आणि दार कधी उघडायचं हे ठरवणारी सर्किटची हिरवी पाटी तेवढी यांची. त्या पाटीवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम मालकांच्या मेव्हण्याने लिहिली होती. अठरा वर्षांपूर्वी, एकट्याने, आणि खोटं कशाला बोला, चांगली लिहिली होती. घोटाळा एवढाच झाला की तेव्हा सगळ्यांनी त्यांची तोंडभरून स्तुती केली आणि तेव्हापासून मेव्हणेसाहेबांनी कोणाचं काही ऐकून घेणं सोडलं.

मग मालक एका प्रदर्शनाला गेले आणि नवा प्रोसेसर पसंत करून आले. जुन्यात काही खोट नव्हती, पण नव्याची माहितीपुस्तिका गुळगुळीत कागदावर छापली होती. मेव्हणेसाहेबांनी तीन आठवड्यांत आपली सिस्टिम नव्या प्रोसेसरवर बसवली आणि चाळीस मिनिटांचं भाषण केलं. पहिली नवी पाटी कंपनीच्याच पाच मजली इमारतीतल्या लिफ्टला लागली.

आणि ती लिफ्ट अधूनमधून सातव्या मजल्याकडे निघू लागली.

सातवा मजला नव्हताच. त्यामुळे सुरक्षेचा ब्रेक लागायचा, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये हिसका देऊन थांबायची आणि थोड्या वेळाने काही झालंच नाही अशा साळसूदपणे पुन्हा चालू लागायची. चौकशी समिती नेमली गेली. मोटरवाल्यांनी वीजवाल्यांकडे बोट दाखवलं, वीजवाल्यांनी व्होल्टेजकडे. प्रशासनाने लिफ्टमध्ये सूचना लावली: ‘बटण प्रेमाने दाबावे.’ समितीच्या बैठका चौथ्या मजल्यावर होत, आणि सगळे सदस्य जिन्याने येत.

कामाची प्रगती मोजणारे एक साहेब होते. दिसेल त्याला ‘किती टक्के झालं?’ असं विचारत, म्हणून त्यांचं नाव टक्के पडलं होतं. खोट नव्या पाटीतल्या प्रोग्राममध्येच असणार हे ओळखून बाई त्यांच्याकडे गेल्या.

“मला डीबगर लागेल.”

“तो काय करतो?”

“चालता प्रोग्राम हव्या त्या जागी थांबवतो. मग त्याच्या पोटात काय चाललंय ते बघता येतं.”

“पण डीबगर आणला म्हणजे आपल्याकडे बग आहेत असं होईल.”

“आहेतच की.”

“ते मला माहीत आहे हो,” टक्के कळवळून म्हणाले. “होईल म्हणजे कागदावर होईल.”

शेवटी कागदावर ‘निरीक्षण साधन’ असं लिहून बाईंना सहा आठवडे मिळाले. डीबगर तसा जगात फुकट मिळतो. पण त्याला ना हा नवा प्रोसेसर माहीत होता, ना मेव्हणेसाहेबांची सिस्टिम. प्रोग्राम कसा अडवायचा, अडवल्यावर तो कुठे उभा असतो, त्याच्या हातात काय काय असतं, हे सगळं त्याला या दोघांच्या बोलीत शिकवायला हवं होतं. बाई आधी मेव्हणेसाहेबांकडे गेल्या.

“साहेब, एका प्रोग्रामला दुसऱ्याची मेमरी वाचता येईल अशी सोय हवी आहे. बाकी सगळ्या सिस्टिममध्ये असते.”

“बाकीच्यांत असेल. आमच्यात कोणी कोणाच्या घरात डोकावत नाही.”

“मग निदान कोड दाखवा. मी जोडून घेते.”

“बाई, तो कोड वाचून समजेल असा माणूस या इमारतीत एकच आहे.”

“कोण?” बाईंनी विचारलं. त्यांना खरंच त्या माणसाला भेटायचं होतं.

साहेबांनी त्यावर फोन उचलला आणि कोणाशी तरी बोलू लागले. फोन वाजला नव्हता.

बाईंनी मग लांबचा रस्ता धरला. सिस्टिमला न विचारता थेट प्रोसेसरशी बोलेल असा एक छोटा तुकडा त्या लिहू लागल्या. त्यासाठी प्रोसेसरचं चौदाशे पानांचं पुस्तक वाचणं आलं. गुळगुळीत पुस्तिकेतलं त्यात काही नव्हतं. प्रोग्राम अडवायचा तर त्यातली एक ओळ उचलून तिच्या जागी ‘थांब’ लिहावं लागतं. जुना प्रोसेसर ‘थांब’ म्हटलं की थांबून पुढच्या ओळीवर बोट ठेवायचा. नवा ‘थांब’वरच बोट ठेवून उभा राहायचा, त्याला ‘चल’ म्हटलं की तो पुन्हा तोच ‘थांब’ वाचायचा आणि पुन्हा थांबायचा. हे पुस्तकात एका तळटीपेत होतं. ती सापडायला बाईंना आठ दिवस लागले.

मग रजिस्टरं आली. हातातलं काम करताना आकडे ठेवायला प्रोसेसरजवळ छोटे खण असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. या प्रोसेसरला असे बत्तीस होते, शून्यापासून एकतिसापर्यंत. पुस्तकातल्या दोन पानांवर त्यांचा क्रम वेगवेगळा होता, म्हणून बाईंनी एकेक खण स्वतः तपासून वहीत उतरवला.

टक्के रोज दारात यायचे.

“किती झालं?”

“चाळीस टक्के.”

“कालही चाळीसच होतं.”

“काल वाटलं होतं त्या पद्धतीने होणार नाही, हे आज कळलं.”

“म्हणजे कमी झालं?” टक्के घाबरले. तक्त्यात खाली जाणारा आकडा बसत नसे. त्यांनी पंचेचाळीस लिहिलं आणि ते निघून गेले.

सहाव्या आठवड्यात डीबगर चालू लागला. बाईंनी तो लिफ्टच्या पाटीला जोडला, पाचपेक्षा वरच्या मजल्याचा आकडा दिसला रे दिसला की सगळं अडव असं सांगून ठेवलं, आणि कोणाकोणाला वरखाली फिरायला लावलं. चार दिवस लिफ्ट एखाद्या आदर्श विद्यार्थिनीसारखी वागली. समितीत कुजबुज सुरू झाली की किडा होताच कुठे.

बाई घरी आल्या त्या चेहरा पाडूनच. घरात त्या आणि त्यांची थोरली बहीण अशा दोघीच राहत. ताईने चौतीस वर्षं दवाखान्यात परिचारिका म्हणून काढली होती, आणि निवृत्त झाल्यावरही ती कोणी खोकलं की आधी घड्याळात बघायची.

“मी बघत असले की बिघडतच नाही गं,” बाई म्हणाल्या.

ताई वाटाणे सोलत होती. “आमच्या वॉर्डात एक आजोबा होते. डॉक्टर आले की नाडी ठणठणीत. मग मी लिहायला लागले, नाडी बिघडते तेव्हा खोलीत कोण असतं. दर वेळी थोरली सून.”

“मग?”

“मग काय? सुनेला सांगितलं, उद्यापासून डॉक्टर असताना येत जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी पहारेकऱ्याची वही मागून घेतली. लिफ्ट अडकल्याच्या तेरा नोंदी होत्या, आणि त्यातल्या अकरा वेळा आत मेव्हणेसाहेब होते. साहेबांना कायम घाई. लिफ्टमध्ये शिरले की दार बंद करायचं बटण ते टकटकटकटक दाबत सुटायचे, दार बंद झाल्यावरसुद्धा.

बाई त्यांच्या दालनात गेल्या. “साहेब, डीबगरला काहीच सापडत नाही. सिस्टिम निर्दोष असावी. तुम्ही स्वतः दहा फेऱ्या मारल्यात तर तसं अहवालात लिहिता येईल.”

बावीस वर्षांत बाईंनी ऑफिसात केलेलं हे पहिलं राजकारण. साहेब लगेच उठले, कोट चढवला आणि निघालेसुद्धा.

सहाव्या फेरीत, सकाळी अकरा वाजता, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबली. जिन्याखाली बाईंच्या पडद्यावर ओळ उमटली: थांबलो. बाईंनी वही पुढे ओढली. लिफ्टमधल्या माणसाशी बोलायला शेजारी ठेवलेला फोन ओरडला.

“अहो, अडकलो मी!”

“हो साहेब. मीच थांबवलंय.”

“तुम्ही? आधी सुरू करा!”

“सुरू केलं की पुरावा जाईल. पाच मिनिटं द्या.”

“मी कोण आहे माहीत आहे ना तुम्हाला?”

“म्हणून तर,” बाई म्हणाल्या आणि खण वाचू लागल्या. “शून्य ते तीस जागच्या जागी आहेत. एकतिसाव्यात मजल्याचा आकडा हवा होता, चार. तिथे सात आहे.”

पलीकडचं ओरडणं थांबलं. “सात?”

“सात.”

“सात हा दार बंद करायच्या बटणाचा नंबर आहे.” आवाज बदलला होता. तो आता साहेबांचा नव्हता, प्रोग्राम लिहिणाऱ्याचा होता.

“बटण दाबलं की सिस्टिम हातातलं काम बाजूला ठेवते ना?”

“ठेवते. सगळे खण उतरवून घेते, बटणाकडे बघते, मग परत भरते. बत्तीसच्या बत्तीस.”

“तिने उतरवून घेतलेली यादी माझ्यासमोर आहे, साहेब. एकतीस आहेत.”



“शून्यापासून सुरू केलं,” साहेब हळू म्हणाले, “आणि एकतीसच्या आधीच थांबलो. एकतिसावा राहिला. बाई, हे मी कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायचो हो.”

“होतं असं.”

“मला कधी झालं नाही.” मग ते म्हणाले, “झालं असेल. कळलं नसेल.”

पुढचं साहेबांनीच विचारलं. “आमच्या सिस्टिमला पत्ता न लागू देता तुम्ही हे बसवलंत कसं?”

मग बाईंनी तळटीप सांगितली. साहेबांनी विचारलं, ‘थांब’वर पाय रोवून बसलेल्याला पुढे कसं काढलंत? बाई म्हणाल्या, घटकाभर मूळ ओळ जागेवर ठेवते, एक पाऊल टाकू देते, मग ‘थांब’ परत लावते. साहेब “वा!” म्हणाले. त्या तोंडून हा शब्द ऐकलेला माणूस कंपनीत नव्हता. ते कोटासकट लिफ्टच्या जमिनीवर बसले होते आणि प्रश्नामागून प्रश्न विचारत होते. पंचवीस मिनिटं झाली तरी आपण अडकलो आहोत हे त्यांच्या ध्यानात नव्हतं, आणि सोडवायचं आहे हे बाईंच्याही.

तोवर चौथ्या मजल्यावर मालक, टक्के आणि अख्खी समिती जमली होती. शेवटी बाईंनी एकतिसाव्या खणात चार भरून लिफ्ट सोडली आणि दार उघडलं. साहेबांनी कोट झटकला, गळा साफ केला आणि ते पुन्हा मेव्हणेसाहेब झाले.

“डीबगरने लिफ्ट बंद पाडली,” ते म्हणाले. “मी आत राहून परिस्थिती हाताळली.”

समितीने तेच अहवालात घेतलं. आठवड्याने सिस्टिमची नवी आवृत्ती निघाली; ‘बत्तीसही रजिस्टरांची संपूर्ण सोय’ हे तिचं वैशिष्ट्य म्हणून जाहीर झालं, आणि भिंतीवर मेव्हणेसाहेबांचा दुसरा फोटो लागला. त्यानंतर लिफ्ट कधी सातव्या मजल्याला निघाली नाही. आपल्या सूचनेचा गुण आला, असं प्रशासनाचं मत पडलं.

बाईंनी घरी येऊन पिशवी खुर्चीवर आपटली.

“तुला फोटो हवा होता का?” ताईने विचारलं.

“फोटो गेला खड्ड्यात! पण ‘हाताळली’ म्हणाला गं तो. हाताळली!”

ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. बाई थोडा वेळ फुगून बसल्या, मग त्याही हसल्या.

इकडे बाकीच्या प्रोग्रामवाल्यांनी गुपचूप डीबगर मागून नेला. महिन्याभरात त्रेचाळीस बग निघाले. टक्क्यांनी आलेख काढला: डीबगर येण्याआधी बग शून्य, आल्यावर त्रेचाळीस. आलेख बघून मालकांना धसका बसला. हुकूम निघाला की यापुढे डीबगर वापरायचा तर अर्ज करायचा, आणि त्यावर मेव्हणेसाहेबांची सही हवी.

पुढच्या सोमवारी, ऑफिस भरायच्या आधी, जिन्याखालच्या दारावर टकटक झाली. मेव्हणेसाहेब होते. बगलेत संगणक, हातात अर्जांचा गठ्ठा, सगळे कोरे आणि सगळ्यांवर सही केलेली.

“हे तुमच्याकडे असू द्या,” ते म्हणाले. “आणि एका प्रोग्रामने दुसऱ्याची मेमरी वाचायची ती सोय, काल लिहिली मी. एकदा नजर टाकता का?”

बाईंनी दुसऱ्या खुर्चीवरची पुस्तकं खाली ठेवली. साहेब बसले. बाई चष्मा लावून वाचू लागल्या, आणि दहाव्या मिनिटाला त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

“इथे काय केलंत साहेब?”

“कुठे?” म्हणत साहेबांनी खुर्ची पुढे ओढली.