लाल पट्टी कोणाची

सातिवलीच्या आमच्या प्लास्टिक कारखान्यात शेजारच्या टेबलावर बसणारे काका आलेखापेक्षा लेजंडवरच जास्त वेळ घालवतात. कुठला रंग कोणाचा हे सांगणारी ती चौकट कधी उजवीकडे नेतात, कधी खाली आणतात आणि "आता बरी बसली" असं स्वतःशीच म्हणतात.

एकदा शेठनी काकांकडून सुपरवायझरांच्या खराब मालाचा आलेख मागवला. ज्याचा माल सर्वांत खराब, त्याला काढणार होते. मीटिंगमध्ये पडद्यावर लाल पट्टी सगळ्यांत उंच दिसली, पण लेजंडच नव्हता.

"हा लाल कोण?" शेठनी विचारलं.

"मघाशी चौकट होती, शेठ," काका गोंधळून माऊस हलवत राहिले.

शेठ वैतागून उठले आणि कोणाला काढायचं ते राहूनच गेलं.

"मुद्दाम केलंत?" मी नंतर विचारलं.

"रंग बरे दिसले ना पन?" एवढंच ते म्हणाले.

त्यांना धूर्त म्हणावं की वेंधळे, हे मला अजून ठरवता येत नाही.