मावशींची मशेरी आणि माझे दोन दात

भोरच्या एसटी स्टँडजवळ माझा दाताचा दवाखाना आहे. पुढच्या दाताची कॅप मी अशी बसवतो, की खोटा दात कुठला ते घरच्यांनाही ओळखू येत नाही. हे मी स्वतःच सांगतो; दुसरं कुणी सांगेल म्हणून किती थांबायचं? फक्त भाटघरच्या मावशींचा विषय निघाला, की मला आत काहीतरी काम आठवतं.

म्हशीनं मान झटकली आणि मावशींचा पुढचा दात अर्धा गेला. तेव्हापासून त्या तोंडाला पदर लावूनच बोलायच्या. गावातल्या प्रत्येक हळदीला ओव्या सांगायचा मान त्यांचा, आणि आता स्वतःच्या लेकीची हळद महिन्यावर आलेली.

"समद्यांच्या लेकींना गायले, अन् माज्याच लेकीला पदराआडून गाऊ व्हय?"

मी ऐटीत पूर्ण सिरॅमिकची कॅप सुचवली. आत धातू असला की हिरडीपाशी करडी कड दिसते. हिच्यातून थोडा उजेड आरपार जातो, त्यामुळे ती शेजारच्या दातांत मिसळून जाते.

मावशी भाजलेल्या तंबाखूची मशेरी लावायच्या, त्यामुळे दात तपकिरी. मी ते घासून लखलखीत केले, मशेरी सोडण्यावर भाषण ठोकलं आणि त्या लखलखीत दातांशी रंग जुळवून माप पुण्याच्या लॅबला पाठवलं.

पंधरा दिवसांनी कॅप आली, मावशीही आल्या. भाषण वाया गेलं होतं. दात पुन्हा मशेरीच्या रंगाचे. कॅप लावून पाहिली, तर अंधाऱ्या घरात एकच ट्यूबलाइट.

मावशींनी आरशात पाहिलं. "दात लई झ्याक हाय डॉक्टर. पर कुणाचा म्हनायचा?"

सिरॅमिकचा रंग भट्टीतच पक्का होतो. त्यावर मशेरी चढेल म्हणून वाट बघण्यात अर्थ नव्हता. मग मी शहाणपणा केला. मावशींना पायरीवर उन्हात बसवून दातांचा आहे तो रंग टिपला आणि त्याच रंगाची दुसरी कॅप मागवली. लॅबवाल्याचा फोन आला, "डॉक्टर, इतका तपकिरी? नक्की ना?"

"चूक झाली तर माझी," मी ठणकावलं. ते तेवढं खरं ठरलं.

हळदीच्या आदल्या दिवशी मावशी खुर्चीत बसल्या. "तुमचं बोलनं मनाला लागलं बगा. आठ दिस झालं, मशेरीची डबी चुलीत घातली. तेवढे दात घासून द्या."

माझं भाषण ऐकून आजवर कुणी काही सोडलं नव्हतं. मी हरखलो. मशीन लावून एकेक दात चमकवला. मग कॅपची डबी उघडली. आत तपकिरी दात. मी डबी मिटली, पुन्हा उघडली. रंग तोच.

काय झालं ते सांगावंच लागलं. पदर पुन्हा तोंडावर गेला.

"उद्या हळद हाय, डॉक्टर."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. कितीही घाई केली तरी नवी कॅप यायला चार दिवस लागणार होते. मी काहीतरी पुटपुटत होतो, तेवढ्यात पदराआडून एक बोट बाहेर आलं आणि माझ्या टेबलावर रोखलं गेलं. आल्यागेल्याला 'हे बघा माझं काम' म्हणून दाखवायला पहिली कॅप मी तिथं प्लास्टरच्या साच्यावर चढवून ठेवली होती.

"त्यो माजा पयला दात न्हवं?"

"व्हय," माझ्याही तोंडून त्यांचीच बोली निघाली.

"मग बगताय काय? धुवा अन् बसवा!"

धुतली, जंतुनाशकात बुडवली, बसवली. रंगाला रंग मिळाला. युक्ती मावशींची, पण आरसा मी असा धरला, जणू सगळं ठरवूनच केलं होतं.

हळदीला आवर्जून गेलो. मावशी पदर कमरेला खोचून, तोंड भरून गात होत्या. मला पाहिलं आणि जागच्या जागी नवी ओवी रचली:

"डागदर शिकला गं बाई, बुकं वाचली लई लई,
हळद कंची, चुना कंचा, त्याला उमगत न्हाई!"

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मी मात्र पुढं सरकून मावशींच्या तोंडाकडे टक लावून बघत होतो. माझा दात कुठला, ते मलाच ओळखू येईना.