वाघोबाचा नारळ

मामांची जीप लष्कराच्या लिलावातली होती. स्टिअरिंग डावीकडे, आणि मागच्या बाकावर बसलं की गुडघे हनुवटीला लागायचे. पन्नास साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. दिवाळीच्या सुटीत मी निमगाव सावाला त्यांच्याकडे गेले होते, आणि त्या जीपमधून आम्ही घोडेगावच्या पुढच्या डोंगरात शिकारीला निघालो. शिकार पुण्याहून आलेल्या मामांच्या स्नेह्यांची, बंदूकही त्यांचीच. मामी डबे घेऊन बसली. मला नेलं ते नजरेसाठी. आदल्या दिवशी बांधावरचं मुंगूस सगळ्यांआधी मला दिसलं होतं, एवढंच.

"हिची नजर लई तेज, राव," मामा पाहुण्यांना म्हणाले. "बोलत न्हाई, पण दिसतं सगळं."

बोलायचं नव्हतंच. जनावर डावीकडे दिसलं तर ड्रायव्हरच्या खांद्यावर एक थाप, उजवीकडे तर दोन, असं ठरलं होतं. ड्रायव्हर म्हणजे जुन्नरचे चाचा. मला त्यांच्या मागेच बसवलं. इंग्रजी शाळेत दहा वर्षं पाठ ताठ ठेवून गप्प बसायला शिकलेल्या मुलीला जमण्यासारखं काम होतं. मी थाप दिली की पुढे काय होणार, याचा विचार मात्र मी घोडेगाव मागे पडेपर्यंत केला नव्हता.

जंगल सुरू होतं तिथे रस्त्याकडेला शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड होता. मामांनी घोडेगावात घेतलेला नारळ त्याला दाखवला. "मिळालं तर येताना फोडतो," म्हणाले, आणि नारळ माझ्या मांडीवर ठेवला.

तासभर नुसती वानरं दिसली. मग जांभळीच्या शेंड्यावर एक शेकरू, तांबडी शेपटी खाली सोडून आमच्याकडे बघणारं. एवढ्याशावर काडतूस कोण घालवणार, असं पाहुणे म्हणाले. मला बरं वाटलं. पण पुढचं जनावर मोठं असलं तर?

ओढ्याच्या वळणावर ते दिसलं. डावीकडे, कारवीच्या कडेला, भेकराची मादी. तिच्या पोटाखाली पाडस पाय फाकवून पीत होतं. जेमतेम वीस हातांवर. पाहुणे उजवीकडे बघत होते. माझा हात चाचांच्या खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. आरशात त्यांचे डोळे दिसले. ते रस्त्यावर नव्हते.

चाचांनी गिअर बदलला, खर्रकन, दात शिवशिवतील असा. मादी एका उडीत आत गेली, पाडस तिच्या मागे. पाहुणे वळले तेव्हा नुसती कारवी हलत होती.

"काय होतं?"

"वानर," मी म्हणाले. तोवर मी वडीलधाऱ्यांशी खोटं बोलले नव्हते. कान तापले.

"वानरच," चाचा म्हणाले. "गिअर जुना झालाय, साहेब."

मामी हसली. "इंग्रजी शाळेतली नजर. बांधावरचं मुंगूस तेवढं दिसतं तिला." मग सगळेच हसले, मीही. इतक्या आनंदाने मी कुणाचा टोमणा ऐकला नव्हता.

ऊन कलल्यावर परत फिरलो. पाहुण्यांनी बंदूक कापडात गुंडाळली तेव्हा माझ्या लक्षात आलं, नारळ मी एवढा वेळ दोन्ही गुडघ्यांत आवळून धरला होता. पाय सैल सोडले. वाघोबाचा दगड दिसू लागला.

"चला पुढं," मामा म्हणाले. "मिळालं न्हाई काही, नारळ कशाचा?"

"थांबू या ना," मी म्हणाले.

मामांनी वळून पाहिलं. "कशापायी?"

चाचांनी जीप आधीच कडेला घेतली होती. "रिकामे आलो तरी सुखरूप आलो न्हवं, मालक. फोडू द्या पोरीला."

नारळ तिसऱ्या आपटीला फुटला आणि निम्मं पाणी माझ्या साडीवर सांडलं. पहिला तुकडा वाघोबापुढे ठेवला, दुसरा चाचांना दिला. त्यांनी खिशातल्या चाकूने त्याचे दोन भाग केले आणि एक मला परत दिला.