फुटलेली सुपारी

आमच्या दादाचा पाय ज्या नेत्याच्या माणसांनी मोडला, त्या नेत्याला तुरुंगात बघायचंय, एवढ्याच इच्छेवर मी अलीकडे जगतो. लोक देवळात बरकत मागतात, मी त्याची शिक्षा मागतो. दादाचा गुन्हा काय, तर तो नगरपालिकेला नेत्याच्या माणसाविरुद्ध उभा राहिला. जन्मभर पायानं शिलाई मशीन चालवली, आता मोटार बसवून घ्यावी लागली. केस धूळ खात पडली होती. नव्या सरकारी वकिलानं ती उकरून काढली आणि मारणाऱ्यांवर न थांबता तो थेट नेत्याच्या मागे लागला.

मस्तगडला दादाच्या दुकानात मग रोज एकच वाद, हा वकील एवढा का पेटलाय?

"विरोधकांची सुपारी घेतली त्यानं," शेजारचा भांडेवाला म्हणाला. "बिलकुल पक्कं."

सदरा शिवायला आलेले पिंपळगाव रेणुकाईचे एक मामा दचकले. "घेतली न्हाई हो, फोडली! मी होतो ना तिथं."

आम्ही खो खो हसलो. मामांना काही कळेना. मग त्यांनी सांगितलं, वकिलाच्या बहिणीची सोयरीक नेत्याच्या पुतण्याशी जमल्ती. पाव्हण्यांसमोर सुपारी फुटून लग्न पक्कं झालं आणि पुढं नेत्यानं मोठं घर बघून ती सोयरीक मोडली. आमच्याकडे सुपारी फुटल्यावर सोयरीक मोडली, की बोल पोरीलाच लागतो.

"मंग हा न्याय कसला? सूड झाला," भांडेवाला चुकचुकला.

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. विकत घेतलेला वकील उद्या दुसऱ्यालाही विकला जातो. बहिणीसाठी जळणारा कशाला मागे हटतोय! मी सगळ्यांना चहा सांगितला.

माणसं गेल्यावर दादा म्हणाला, "म्हंजे त्याला माझ्या पायाचं काही न्हाई. तो बहिणीसाठी लढून राह्यला."

"लढू दे की. आपल्याला काय करायचं?"

"साक्ष द्यावी का न्हाई, तेच कळंना मला."

माझं डोकं फिरलं. "द्यावीच लागंल! पायाचं काय घेऊन बसलास? मला तो आत गेलेला बघायचाय."

दादानं कात्री खाली ठेवली. "म्हंजे तुला बी न्हाई," तो म्हणाला.

तरीही मी तारखेच्या दिवशीची रिक्षा सांगून ठेवली.